जलरंग आणि अंड्याचा बलक : अँड्रू वायेथची दोन माध्यमं

आज आपण एका अमेरिकन चित्रकाराविषयी बोलणार आहोत, पण सुरुवात करूया स्वयंपाकघरापासून. एक अंडं घ्या. पांढरं वेगळं काढा. पिवळा बलक अलगद या तळहातावरून त्या तळहातावर फिरवून कोरडा करा, मग त्याची पातळ पिशवी चिमटीत धरून टोचा. आतलं जे खाली ठिबकतं, त्यात थोडं पाणी आणि रंगाची कोरडी भुकटी कालवली, की झाला एग टेम्परा तयार. तैलरंग रुळण्याच्या आधी युरोपात लाकडी फळ्यांवरची चित्रं प्रामुख्याने अशीच रंगवत. तत्त्व आपल्याला परकं नाही. अजिंठ्याची चित्रंही कोरड्या गिलाव्यावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनीच काढलेली आहेत.

विसाव्या शतकात हे जुनं माध्यम ज्याने आयुष्यभर जपलं, तो अँड्रू वायेथ. जन्म 1917, मृत्यू 2009. पेनसिल्व्हेनियातलं चॅड्स फोर्ड आणि मेन राज्यातलं कुशिंग, या दोन गावांच्या आसपासच त्याने जवळजवळ सगळं काम केलं. वास्तववादी चित्रकार म्हणून तो ओळखला जातो. आता वास्तववादी म्हटलं की आपण चटकन म्हणतो, ‘वा, अगदी फोटोसारखं!’ आज आम्हाला एवढंच सांगायचंय, की वायेथच्या बाबतीत ही दाद चुकीच्या जागी पडते.

आधी त्याचा जलरंग बघू. 1937 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत त्याच्या मेनच्या जलरंगांचं प्रदर्शन भरलं आणि सगळी चित्रं विकली गेली. जलरंग म्हणजे घाईचा मामला. कागद ओला आहे तोवर जे साधेल ते साधायचं. पांढरा रंग लावायचा नसतो, कोरा कागद राखायचा असतो. वायेथ उघड्यावर बसून झपाट्याने रंगवायचा, शिंतोडे उडू द्यायचा. समोरचा क्षण हातातून निसटायच्या आत पकडायचा, एवढीच धडपड.

टेम्पराचा स्वभाव बरोबर उलटा. त्याची ओळख वायेथला करून दिली त्याच्या मेहुण्याने, चित्रकार पीटर हर्ड यांनी. टणक फळीवर खडू आणि सरसाचा पांढरा लेप द्यायचा, तो गुळगुळीत करायचा आणि मग रंगवायला बसायचं. रंग लावता लावताच वाळतो, त्यामुळे दोन रंग ओल्यात एकमेकांत मिसळता येत नाहीत. मग करायचं काय? बारीक कुंचल्याने रेघेशेजारी रेघ, थरावर थर. एकेका चित्राला महिनोन्महिने लागतात. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे ड्रायब्रश. जलरंगात बुडवलेला कुंचला बोटांनी पिळून जवळजवळ कोरडा करायचा आणि विस्कटलेल्या केसांनी हळूहळू पोत विणायचा.

मग क्षण पकडणाऱ्या माणसाला इतकी सावकाशी कशाला हवी होती? याचं उत्तर त्याच्या आयुष्यातल्या एका घटनेपाशी आहे. वडील एन. सी. वायेथ हे नामांकित पुस्तकचित्रकार आणि त्याचे गुरूही. ऑक्टोबर 1945 मध्ये घराजवळच्या रेल्वे फाटकावर त्यांच्या गाडीला आगगाडीने धडक दिली. ते आणि सोबतचा लहानगा नातू, दोघंही गेले. वायेथला खंत लागून राहिली, की आपण वडिलांचं चित्र कधी रंगवलंच नाही. त्यानंतर त्याने ‘विंटर 1946’ हे टेम्परा चित्र केलं. टेकडीच्या उतारावरून एक मुलगा धावत खाली येतोय. अपघाताची जागा या टेकडीच्या पलीकडेच होती, पण चित्रात ती दिसत नाही. ती टेकडीच आपल्यासाठी वडिलांचं चित्र झाली, असं वायेथने पुढे सांगितलं. म्हणजे बघा, रंगवली टेकडी, आणि चित्र वडिलांचं!

हे मनात ठेवून त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्राकडे वळू. ‘क्रिस्टिनाज वर्ल्ड’, 1948. गवताळ माळावर गुलाबी पोशाखातली, पाठमोरी स्त्री. वर दूर एक जुनं घर. ही क्रिस्टिना ओल्सन, वायेथची कुशिंगची शेजारीण. तिला चालता येत नसे. चाकांची खुर्ची नाकारून ती हातांच्या जोरावर सरपटत फिरायची, आणि वायेथने तिला तसं माळावरून जाताना पाहिलं होतं. पण तेव्हा ती होती 55 वर्षांची. चित्रातलं धड आहे वायेथच्या तरुण पत्नीचं, बेट्सीचं. घर आणि कोठार त्याने एकमेकांपासून दूर नेलं, जमिनीचा उतारही बदलला. फोटोशी ताडून पाहिलं तर चित्र खोटं ठरेल. खरं काय आहे? अंतर. ते घर लांब आहे आणि तिथवर हातांनीच पोहोचायचंय. आणि गवताची पात न् पात कुंचल्याने रेखल्यामुळे ते अंतर आपल्यालाही इंचाइंचाने कापावं लागतं. हे काम टेम्पराच करू शकतो.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हे चित्र 1800 डॉलरला घेतलं. तो काळ अमूर्त चित्रकलेचा. काही समीक्षकांनी वायेथला भाबडा म्हटलं, नुसता पुस्तकचित्रकार म्हटलं. लोक मात्र त्या चित्रासमोर उभे राहत राहिले. आम्हाला वाटतं, दोन्ही बाजूंनी एक गोष्ट बरेचदा निसटते. हुबेहूबपणा हे त्याचं ध्येय नव्हतंच, ते त्याचं साधन होतं.

तेव्हा मंडळी, हे चित्र पडद्यावर उघडाल तेव्हा घराकडे नंतर बघा. आधी तिचे ते बारीक, ताठरलेले हात बघा, आणि मग गवतातून सावकाश वर चढा. वायेथची कबर त्या घराच्या जवळच, क्रिस्टिनाच्या कबरीपासून थोड्याच अंतरावर आहे.