अबोलीचा रंग कुठे गेला?

पावसाने उघडीप दिलेल्या एका सकाळी ओट्यावर काढलेला फोटो. ओला जांभा, त्यावर शेवाळ, मागे भातखाचरं आणि पितळी तबकात जाईची फुलं नि अबोलीचा वळेसर. घरातल्या लग्नाच्या पत्रिकेचे रंग यातूनच घ्यायचं मी ठरवलं.

पांढऱ्याशुभ्र जाईवर रंग उचलणारा आयड्रॉपर टेकवला, तर चौकोनात उमटला निळसर करडा. कॅमेरा खोटं बोलत नव्हता. सावलीतल्या फुलांवर ऊन नव्हे, आकाशाचा निळा उजेड पडला होता. आपला मेंदू तो उजेड नकळत वजा करतो आणि फूल पांढरंच बघतो. पिक्सेलमध्ये असतात फक्त तीन आकडे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक 0 ते 255. त्यांच्या जुळणीतून 1 कोटी 67 लाखांहून जास्त रंग होतात. शिवाय एकट्या पिक्सेलवर भरवसा ठेवू नये, शेजारचाही वेगळा निघतो. म्हणून फोटोशॉपमध्ये पाच बाय पाच पिक्सेलची सरासरी घ्यायची सोय असते.

मग सगळ्या फोटोचीच सरासरी घेतली तर? मातकट चिखल हाती येतो.

यावरचा एक सुंदर उपाय पॉल हेकबर्ट यांनी 1982 साली मांडला. तेव्हाच्या अनेक पडद्यांवर एका वेळी 256च रंग दाखवता येत, तेव्हा कोणते ठेवायचे हा प्रश्न होता. कल्पना करा, एका मोठ्या खोक्याच्या तीन बाजू म्हणजे लाल, हिरवा, निळा. प्रत्येक पिक्सेल आपापल्या आकड्यांप्रमाणे आत तरंगतो आहे. खोकं ज्या बाजूने सर्वांत लांब, तिथे असं कापायचं की दोन्हीकडे निम्मे निम्मे पिक्सेल येतील. मग त्या खोक्यांनाही तसंच कापत जायचं. सात काप, आठ खोकी. प्रत्येकाची सरासरी म्हणजे एक रंग. 'के-मीन्स' नावाची दुसरी पद्धत आधी काही रंग अंदाजाने मांडते, पिक्सेल जवळच्या रंगाकडे धाडते आणि गट स्थिरावेपर्यंत ते रंग सरकवत राहते.

इथे 'जवळचा' हा शब्द फसवा आहे. आकड्यांतला तेवढाच फरक एका जागी डोळ्यात भरतो, दुसऱ्या जागी कळतही नाही. म्हणून 1976 साली ठरलेल्या 'लॅब' या रंगमापनात अंतरं शक्यतो माणसाच्या नजरेप्रमाणे बसवली आहेत. त्यात मोजलं की गट बरेच खरे वाटतात.

माझ्या फोटोतून पाच रंग आले: शेवाळी, पोपटी, विटकरी, करडा, काळपट. अबोली नव्हतीच! आणि फोटो बघणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिच्यावरच जाते. शंभरात एकसुद्धा पिक्सेल तिच्या वाट्याला आला नसेल. जे थोडे होते ते जांभ्याच्या विटकरीत विरघळले. यंत्र क्षेत्रफळ मोजतं, डोळा वेगळेपण टिपतो. फोटोतून रंग निवडणाऱ्या गुगलच्या 2014 सालच्या अँड्रॉइड 'पॅलेट'मध्ये पिक्सेलच्या संख्येबरोबर रंगाचा तजेला आणि उजळपणाही जमेस धरला आहे, तो यासाठीच. मला ही दिशा जास्त पटते.

अबोली मी हाताने उचलली आणि शेवाळी पट्टीशेजारी ठेवली. ती फुलापेक्षा तांबूस दिसायला लागली. असा अनुभव जुनाच आहे. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईची जबाबदारी सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं, तर काळा रंग चोख होता. त्याला फिका करत होते शेजारचे निळे-जांभळे धागे. रंगांच्या या शेजारधर्मावर त्यांनी 1839 साली अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला.

म्हणून मी अबोलीतला लाल थोडा उतरवला. आता तो रंग फोटोतल्या कुठल्याच पिक्सेलशी जुळत नाही. पत्रिकेवरची अबोली मात्र ओट्यावरच्या अबोलीसारखी दिसते.