अस्थिर संगणकाचे निदान : भाषाशास्त्रीय पद्धतीच्या अंगाने एक विचार

१

बंद पडलेले यंत्र आणि अस्थिर यंत्र यांतील भेद प्रथम स्पष्ट करणे अगत्याचे आहे. बंद पडलेल्या यंत्रातील दोष सतत उपस्थित असतो; त्यामुळे तो केव्हाही तपासता येतो. अस्थिर यंत्रातील दोष मात्र मधूनमधून प्रकट होतो आणि पुन्हा अदृश्य होतो. कारागिराकडे नेले की यंत्र सुरळीत चालते, घरी आणले की पुन्हा रुसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सुटे भाग आणून घरीच जुळविलेल्या संगणकाच्या बाबतीत तर अडचण दुहेरी होते. १९९५ साली ‘एटीएक्स’ हा आकारमानाचा व जोडणीचा प्रमाण आराखडा निघाल्यापासून निरनिराळ्या कारखान्यांचे भाग एकत्र जुळविणे सुलभ झाले. तथापि प्रत्येक भाग आपापल्या जागी निर्दोष असला तरी त्यांचा संयोग निर्दोष असेलच, याची हमी कोणताही एक कारखानदार देत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून त्याचे चौदा तालुके आहेत. पश्चिमेस सह्याद्रीलगतचे अकोले आणि पूर्वेस बीडच्या सीमेवरील जामखेड येथील बोलींत जे अंतर आहे, ते टिपण्यासाठी संशोधक विद्यार्थी ध्वनिमुद्रणे करतात आणि ती बहुधा घरच्या अशाच जुळविलेल्या संगणकावर साठवितात. तेव्हा यंत्राची अस्थिरता ही केवळ गैरसोयीची बाब राहत नाही. ज्या वृद्ध निवेदकाचा आवाज पुन्हा मिळणार नाही, त्याच्या नोंदीच्या विश्वसनीयतेचा प्रश्न तीत गुंतलेला असतो.

२

निदानातील पहिला अडसर भाषेचा आहे. ‘कॉम्प्युटर हँग होतो’ या एकाच वाक्याने निदान चार भिन्न घटना सांगितल्या जातात : चित्र गोठते व कळफलक प्रतिसाद देत नाही; यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते; यंत्र तडकाफडकी बंद होते; किंवा ते अतिशय मंद चालते. या चारींची कारणे सामान्यतः वेगळी असतात. प्रोसेसर अतिशय तापल्यास तो प्रथम आपला वेग कमी करतो. म्हणजे उष्णतेचे आरंभीचे लक्षण मंदपणा हे होय. मंदपणा न येता यंत्र एकाएकी बंद होत असेल, तर संशय आधी वीजपुरवठ्यावर घ्यावा. चित्र गोठणे वा निरनिराळे त्रुटिसंदेश दिसणे हे स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या दोषाचे लक्षण असू शकते. विंडोज प्रणालीच्या नोंदवहीत आढळणारी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पुष्कळांना निदान वाटते. वास्तविक ती एवढेच सांगते की, यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. ती परिणामाची नोंद आहे, कारणाची नव्हे.

यासाठी पहिले साधन वही हे होय. घटना केव्हा घडली, त्या वेळी कोणते काम चालू होते, खोलीत उकाडा किती होता, घरातील पंप वा फ्रीज नुकताच सुरू झाला होता काय, हे प्रत्येक वेळी टिपावे. स्वनाचे विविध आविष्कार कोणत्या परिसरात येतात हे पाहून भाषाशास्त्रज्ञ नियम शोधतो. येथेही तेच करावयाचे असते. दोष केवळ भाराखाली येतो की यंत्र निवांत असताना, सकाळी प्रथम सुरू करताना की दुपारी, हे कळले म्हणजे यादृच्छिक वाटणारी घटना बहुधा परिसरबद्ध ठरते.

३

दुसरी पायरी प्रयोगाची. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या शब्दांत फक्त एका ध्वनीचा भेद असून अर्थ बदलतो, म्हणून क् व ग् हे मराठीत स्वतंत्र स्वनिम ठरतात. या लघुतम युग्माच्या कसोटीचे सामर्थ्य ‘फक्त एक’ या अटीत आहे. अस्थिर संगणकापुढे बसलेला मनुष्य नेमकी हीच अट मोडतो. तो एकाच संध्याकाळी रॅम काढून बसवितो, नवी प्रणाली घालतो, पंखा स्वच्छ करतो आणि केबल बदलतो. दोष नाहीसा झाला, तर कशामुळे हे कळत नाही. न झाला, तर नवा दोष शिरला नाही ना, हेही सांगता येत नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या व दोन खाचा असतील तर रीत अशी : पहिली पट्टी एकटी एका खाचेत ठेवून परीक्षा घ्यावी, मग त्याच खाचेत दुसरी. एका पट्टीनेच दोष दिसला तर पट्टी सदोष. दोन्ही निर्दोष ठरल्या, तर त्यांतील एक दुसऱ्या खाचेत घालून पाहावी. आता दोष आला तर संशय खाचेवर वा मदरबोर्डवर जातो. एकेकट्याने सर्व ठीक, पण एकत्र बसविल्यास दोष, असे झाले तर दोष संयोगात आहे. मात्र या सर्वांच्या आधी एक सोपा बदल करावा. ‘डीडीआर ४’ जातीच्या रॅमच्या वेष्टनावर ३६०० असा आकडा असला तरी त्या जातीचा प्रमाण वेग ३२०० पर्यंतच आहे. त्यापुढचा वेग ‘एक्सएमपी’ नावाच्या वैकल्पिक व्यवस्थेने मिळतो. ती बंद केल्यावर अस्थिरता गेली, तर भाग सदोष नसून अपेक्षा अवाजवी होती, असे समजावे.

येथे कालावधीचेही गणित आहे. दोष सरासरी दिवसातून एकदा यदृच्छया येत असेल, तर बदलानंतर एक दिवस निर्विघ्न गेला यावरून काहीच सिद्ध होत नाही. काही न सुधारताही असा दिवस शंभरात सुमारे सदतीस वेळा येईल. सलग तीन दिवस निर्विघ्न जाण्याची शक्यता मात्र शेकडा पाचच उरते. म्हणून दोषांमधील सरासरी अंतराच्या किमान तिप्पट काळ थांबल्यावाचून निर्णय करू नये.

४

कारणांपैकी वीज व उष्णता ही दोन या भागात विशेष विचारार्ह आहेत. घरातील २३० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टांच्या एकदिश विजेत रूपांतर करणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. प्रमाणानुसार हे दाब शेकडा पाचांहून अधिक ढळू नयेत. म्हणजे १२ व्होल्टांची वाहिनी ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान असावी. पुरवठा क्षणभर खंडित झाल्यास ही पेटी पूर्ण भारावर सुमारे १६ ते १७ मिलिसेकंदच तग धरण्याची अपेक्षा असते. विजेचे एक आवर्तन मात्र २० मिलिसेकंदांचे असते. दिव्याची नुसती उघडझाप झाली तरी संगणक पुन्हा सुरू का होतो, याचे उत्तर येथे आहे. घरगुती इन्व्हर्टरला पालट करण्यास याहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणून इन्व्हर्टर असणे म्हणजे संगणकापुरता यूपीएस असणे नव्हे. साधा मल्टिमीटर असले क्षणिक उतार दाखवू शकत नाही. त्याने १२.१ हा आकडा दाखविला म्हणून पेटी निर्दोष ठरत नाही. खात्रीची दुसरी पेटी लावून पाहणे हीच कसोटी.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही वा तुटले आहे, असे बहुधा समजावे. एसएमपीएसच्या प्रवेशद्वारी असलेल्या गाळणीतील धारित्रांमुळे अर्थिंगवाचून धातूच्या पेटीवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब येतो. प्रवाह अल्प असला तरी हा प्रकार उपेक्षणीय नाही. मात्र एसएमपीएसची पेटी कोणीही घरी उघडू नये. तिच्यातील मुख्य धारित्रावर तीनशे व्होल्टांहून अधिक दाब पुरवठा काढल्यानंतरही काही काळ राहू शकतो.

उष्णतेचा हिशेब सरळ आहे. भार व पंख्याचा वेग तोच असता प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानाहून जवळजवळ ठराविक अंशांनी अधिक राहते. खोली २५ अंशांवर असताना ८० अंशांवर चालणारा प्रोसेसर, वैशाखात खोली ४० अंशांवर गेली की ९५ अंशांच्या घरात पोचतो आणि पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्याच दरम्यान असते. पौषात स्थिर असलेले यंत्र उन्हाळ्यात अस्थिर होते ते यामुळे. त्यात पंख्यावर धुळीचा थर बसला वा प्रोसेसरवरील लेप वाळला, म्हणजे हे अंतर आणखी वाढते.

५

यंत्र बंद पडते तेव्हा दोष निदान कळतो. खरा धोका न कळणाऱ्या दोषाचा आहे. युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षराचा षोडशमान क्रमांक ०९१५ व ‘ग’ याचा ०९१७ आहे. शेवटची आठ द्विमान स्थाने अनुक्रमे ०००१०१०१ व ०००१०१११ अशी येतात. म्हणजे दोहोंत एकाच स्थानाचा फरक. सदोष रॅमने एक शून्य उलटविले की ‘काळ’चा ‘गाळ’ होतो. ‘त’ व ‘द’ यांचीही गत हीच. अघोष-घोष हा एकाच लक्षणाचा भेद येथे एकाच द्विमान अंकाशी जुळावा, हा योगायोग होय. ‘च’ व ‘ज’ किंवा ‘प’ व ‘ब’ यांत तो साधत नाही.

अशा चुकीपासून भाषा अंशतः स्वतःच बचाव करते. ‘तार तुटली’ याचे ‘दार तुटली’ झाले तर लिंगविसंगती चूक उघड करते, कारण ‘दार’ नपुंसकलिंगी आहे. परंतु ‘काळ गेला’ याचे ‘गाळ गेला’ झाल्यास व्याकरण मूक राहते. १९५० साली रिचर्ड हॅमिंग यांनी मांडलेली दोषशोधक संहिता हेच तत्त्व अंकांच्या क्षेत्रात राबविते : मूळ अंकांना काही पूरक अंक जोडावयाचे आणि त्यांच्या मेळावरून चूक ओळखून दुरुस्त करावयाची. प्रचलित दोषनिवारक रॅममध्ये ६४ अंकांमागे ८ पूरक अंक असतात. घरगुती यंत्रांत ही सोय बहुधा नसते. म्हणून रॅमची परीक्षा मेमटेस्ट ८६ सारख्या आज्ञावलीने रात्रभर घ्यावी आणि एकही चूक आढळली तर ते यंत्र संशोधनसामग्रीसाठी अपात्र मानावे.

याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठचिकित्सेचा धडा असा की, अर्थपूर्ण चूक डोळ्यांना दिसत नाही, ती प्रती ताडल्यानेच सापडते. आणि एकाच बिघडलेल्या प्रतीवरून उतरलेल्या दहा प्रतींची साक्ष एका प्रतीइतकीच असते. संगणकावरील नोंदींनाही हे तंतोतंत लागू आहे. अस्थिर यंत्रातून गेलेल्या धारिकेच्या कितीही प्रती घेतल्या तरी त्या बिघाडाच्याच प्रती ठरू शकतात. यास्तव मुद्रणयंत्राच्या कार्डावरील मूळ धारिका, निदान पूर्ण होईपर्यंत, पुसू नये. तिची पडताळणी-संख्या दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावर काढून वहीत लिहून ठेवावी. आणि घरच्या संगणकावरील प्रत तिच्याशी ताडून पाहावी. संख्या जुळली तर प्रत ग्राह्य. न जुळली तर मूळ अद्याप हाती आहे.