मासे ठणठणीत, श्रिंप मात्र मेले

वनस्पती लावलेल्या टाकीबद्दल आपण बोलतोय, आणि आजचा विषय एकच आहे. पाणी आरशासारखं स्वच्छ, झाडं हिरवीगार, गप्पी आणि टेट्रा मजेत पोहताहेत, पण श्रिंप रोज सकाळी एक-दोन मेलेले सापडतात. अमोनिया तपासला तर शून्य, नायट्राइट शून्य. मग मरतात कशाने?

श्रिंप म्हणजे गोड्या पाण्यातली बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी कोळंबी. आमच्या छत्तीसगडात चिंगरी म्हणतात. बहुतेकांकडे लाल चेरी श्रिंप असतो, आज त्याच्याबद्दलच बोलतो.

आधी खात्री करा की तो मेलाय. श्रिंप वाढताना कात टाकतो. ती कात पारदर्शक, पोकळ, हुबेहूब श्रिंपच्या आकाराची असते आणि नवखा माणूस तिलाच मढं समजतो. खरा मेलेला श्रिंप दुधाळ-गुलाबी दिसतो, शिजवलेल्या कोळंबीसारखा. कात काढून टाकू नका, बाकीचे ती खातात, त्यातला कॅल्शियम त्यांना लागतो. आणि मढंही नाही, कातही नाही, नुसती संख्या घटतेय, तर संशय टाकीतल्या एखाद्या एंजलवर घ्या.

आता खरोखर मरत असतील तर लोक दुकानात जातात आणि एक औषधाची बाटली घेऊन येतात. इथे मला राग येतो. पांढऱ्या ठिपक्यांवरची, शेवाळावरची, गोगलगाईंवरची पुष्कळ औषधं तांब्याची असतात. तांब्याचं सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद, द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तेच. माशाला सोसेल इतका डोस श्रिंपला पुरून उरतो. गंमत अशी की श्रिंपच्या स्वतःच्या रक्तातही तांबं असतं, आपल्या रक्तात लोह असतं तसं. पण रक्तात बांधलेलं तांबं वेगळं आणि पाण्यात मोकळं सुटलेलं वेगळं. तेव्हा कारण कळेपर्यंत टाकीत काहीही ओतायचं नाही.

पलटणीत जवानांची पोटं बिघडली की पहिला प्रश्न असायचा, कोण आजारी पडलं आणि कोण नाही? एकाच लंगरात जेवून अर्धी कंपनी ठीक असेल, तर त्या अर्ध्यांनी काय खाल्लं नाही ते शोधायचं. इथेही तेच करा. मासे जगले, श्रिंप मेले, मग दोघांत फरक काय? मासा कणा असलेला प्राणी. श्रिंप हा सांध्यांच्या पायांचा, कवचाचा प्राणी, म्हणजे नात्याने डासाला आणि झुरळाला जवळचा. डासाला मारायला बनवलेली वस्तू श्रिंपला मारणारच.

आणि डास मारायच्या वस्तू आपल्या घरात किती आहेत! 2018 साली भिलाईत डेंग्यूने थैमान घातलं, तेव्हापासून लोक जास्तच सावध आहेत, आणि असायलाच हवं. पण प्लगमध्ये लावायच्या लिक्विडची वाफ खोलीभर पसरते, आणि टाकीचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. रात्रभर. पायरेथ्रॉइड जातीची ही रसायनं मज्जातंतूंवर घाव घालतात. मोठ्या डोसात मासेही मरतात, पण श्रिंपला अगदी थोडं पुरतं. दुसरी वाट साठवणीच्या पाण्याची. ड्रममध्ये किंवा कूलरमध्ये अळ्या मारायला टेमेफॉस टाकलेलं असतं आणि त्याच ड्रममधली बादली टाकीत जाते. गप्पीला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तिसरी वाट नव्या झाडांची. नर्सरीत ती पाण्याबाहेर वाढवतात, किडीसाठी फवारतात. नवं झाड वेगळ्या बादलीत आठ-दहा दिवस, रोज पाणी बदलत ठेवा, मगच टाकीत लावा.

विषाची खूण अशी की श्रिंप आधी वेड्यासारखा सैरावैरा पोहतो, मग कुशीवर पडतो, पाय झटके देत राहतात. काही तासांत बरेच जातात.

तसं नसेल, आणि मेलेल्याच्या मानेमागे पांढरी रिंग दिसत असेल, तर तो कात टाकताना अडकून मेला. हे प्रकरण उन्हाळ्यात जास्त. मे महिन्यात इथे पारा 44-45 वर जातो, टाकीतलं पाणी रोज उडतं. आपण वरून बोअरचं पाणी घालतो. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, कठीणपणा चढत जातो. मग एक दिवस जोर चढतो आणि आपण अर्धी टाकी बदलतो. एकदम पडलेल्या फरकाने श्रिंप वेळेआधी कात टाकायला जातो, आणि फसतो. उलट टोकाला काही जण सगळं आरओचं पाणी भरतात, त्यात कवचाला लागणारे क्षारच नसतात. उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरून काढा, पण बदलायचं पाणी क्षार असलेलं, आठवड्याला दहा टक्के, थेंबाथेंबाने. जीएच 6 ते 8 राहिला की बास. नळाचं पाणी असेल तर क्लोरीनसाठी हायपो घालायला विसरू नका. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे ब्लिचिंग पावडर जास्त पडते.

मरण पहाटेच होत असेल, आणि श्रिंप काचेवरून पृष्ठभागाकडे चढत असतील, तर प्राणवायू बघा. 20 अंशांना लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 32 अंशांना जेमतेम 7.3. रात्री झाडंही तो खातात. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर दिवे बंद होताना बंद झालाच पाहिजे. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं.

आठवड्याला एखादाच, मोठ्या आकाराचा जात असेल तर त्याचं वयच झालंय. एक ते दोन वर्षं, एवढंच आयुष्य.

विषाचा संशय असेल तर प्लग काढा, एअर पंपाला दुसऱ्या खोलीतली हवा द्या, रोज थोडं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घाला. कीटकनाशक तो बऱ्यापैकी ओढून घेतो. तांब्यावर त्याचा भरवसा धरू नका. त्यासाठी तपासणी किट आणा. तीन-चार आठवड्यांनी पाच श्रिंप सोडा, चाळीस नाही. त्यांनी दोनदा नीट कात टाकली की मग बाकीचे आणा.