तोरणमाळचें दंव व त्याचें भाकीत

मार्गशीर्ष-पौषांत केव्हां तरी वर्तमानपत्रांत बातमी येते कीं, सातपुड्यांत बर्फ पडला. नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळच्या पठारावर, किंवा अक्कलकुवा तालुक्यांतील डाब येथें, पहांटे गवतावर आणि वैरणीच्या गंजीवर पांढरा थर दिसतो. मुलें तो ओंजळींत घेऊन पाहतात. बातमींतील बर्फ खरा, क्रियापद मात्र चुकीचें. तो बर्फ आकाशांतून पडत नाहीं; जागच्या जागींच तयार होतो. हा नुसता शब्दच्छल नव्हे. पडणाऱ्या हिमाचें भाकीत ढग पाहून करावयाचें असतें, आणि या गोठलेल्या दंवाचें ढग नाहींत हें पाहून.

भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर व हिमाचल प्रदेशांत हिमवृष्टि करून पूर्वेकडे सरकले, म्हणजे त्यांच्या पाठीमागून उत्तरेची थंड, कोरडी हवा राजस्थान-माळव्यावरून खानदेशांत उतरते. मोकळ्या हवेंतील शून्य अंशाची पातळी मात्र तेव्हांही सातपुड्याच्या माथ्याहून फार वर, सामान्यतः तीन किलोमीटरांच्या आसपास वा त्याहून उंच असते. अस्तंभा शिखराची उंची १३२५ मीटर. ढगांतील हिमकण तेथवर पोंचेपर्यंत पाण्याचा थेंब झालेला असतो.

मग गवत कां गोठतें? रात्रीं जमीन आपली उष्णता अखंड आकाशाकडे सोडीत असते. ढग असले तर त्यांतील बराच भाग ते परत पाठवितात. ते गोधडीचें काम करतात असें म्हटलें तरी चालेल. आकाश निरभ्र व हवा कोरडी असली कीं ही गोधडी निघते. त्यांत वाराही पडला, तर वरची ऊबदार हवा खालीं मिसळत नाहीं आणि थंड, जड हवा उतारांवरून ओघळून खोलगट जागीं साचते. म्हणूनच टेंकडीच्या माथ्यापेक्षां तळाशीं असलेलें शेत कित्येकदां अधिक गारठतें.

भाकीत करणाऱ्याची खरी परीक्षा दिवस निवडण्यांत आहे. विक्षोभ सरकल्यावर पहिल्या रात्रीं थंडी बोंचते, पण वारा वाहत असल्यानें दंव बहुधा गोठत नाहीं. धोका असतो तो वारा मंदावल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीं. तेवढ्यांत पश्चिमेकडून नव्या विक्षोभाचे उंच ढग आले, तर सारा अंदाज फसतो.

तापमापकाचा आंकडाही जपून वाचावा लागतो. हवामानखात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारें चार फुटांवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटींत ठेवलेला असतो. निवांत रात्रीं गवताचें पातें त्याहून चार-पांच अंशांनीं थंड असूं शकतें. म्हणून पेटींत चार अंश असतांनाही बाहेर गवत गोठलेलें आढळतें. दुसरा आंकडा दंवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानास हवेंतील बाष्पाचें पाणी होऊं लागतें त्याचा. बाष्पाचें पाणी होतांना उष्णता बाहेर पडते व थंडीचा वेग मंदावतो. हवा अतिशय कोरडी असेल, तर पांढरा थर मुळींच न दिसतां पीक करपून जातें. अशा रात्रीची वर्तमानपत्रांत बातमी येत नाहीं. नुकसान मात्र तिचेंच जास्त.

डाबची स्ट्रॉबेरी काय किंवा सपाटीवर शहादें-तळोद्याची पपई काय, दोहोंनाही हा अंदाज आदल्या दिवशीं मिळाला तरच उपयोग. सायंकाळीं दिलेलें पाणी मातीच्या पोकळ्या भरून काढतें, आणि ओली जमीन कोरडीपेक्षां अधिक उष्णता सांठवून ती रात्रभर सावकाश वर देते. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करण्याचीही चाल आहे. त्यांत धुराच्या पडद्यापेक्षां आगीची ऊब आणि तिच्यामुळें होणारी हवेची ढवळाढवळ हींच अधिक उपयोगी पडतात. शिवाय रात्रीचें नीचतम तापमान मध्यरात्रीं नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास येतें. दहा वाजतां पेटविलेल्या शेकोटीची तोंवर राख झालेली असते.