चिक चॉकलेट : एका बँडमास्तराची कारकीर्द



लग्नसराईत इथल्या बँडवाल्यांच्या संघटनेचे काम करीत असता एक ट्रम्पेटवाला मला म्हणाला, "साहेब, गाडीवर मालकाचे नाव असते. आमचे कुठेच नसते." तेव्हापासून मी वादकांची चरित्रे शोधू लागलो. माझी शाळा सातवीपर्यंत. जे कळले ते वादकांशेजारी बसून आणि मिळेल ते वाचून.

अंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यात, बार्देशातल्या हळदोणे गावी झाला. चिक चॉकलेट हे त्यांचे धंद्यातले नाव. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवीत. म्हणजे गोव्याचा पोर घर सोडताना हातात एक हुन्नर घेऊन निघे, आणि मुंबईच्या हॉटेलांना नेमका तोच हवा होता.

स्विंग म्हणजे काय ते सांगतो. साधारण १९३५ ते १९४६ या काळात अमेरिकेत नाचाच्या मोठ्या बँडांचे राज्य होते. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे वेगवेगळे गट. लयीला पियानो, गिटार, मोठा बास व ड्रम. एका गटाने ओळ टाकावी, दुसऱ्याने झेलावी. आपल्या शाहिरामागे झीलकरी असतात ना, तसेच. मात्र इथे प्रत्येकाची ओळ कागदावर लिहिलेली. मधूनच एकाने उभे राहून मनाचे वाजवायचे. ठेक्यातल्या दोन स्वरांपैकी पहिला किंचित लांबवायचा, दुसरा आखडायचा. त्यानेच ऐकणाऱ्याचा पाय हलतो.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा निग्रो वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याचे वादक त्यांच्यापासून शिकले. चिक यांनी लुई आर्मस्ट्राँग यांचे वाजविणे असे आत्मसात केले की लोक त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमध्ये स्वतःचा बँड उभा करून ते नावारूपाला आले.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण माझा पेशाच तो. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकसंघाने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रण बंद पाडले. तबकडी एकदा भरली की ती हजार ठिकाणी वाजते आणि तिथला वादक घरी बसतो, हे त्यांचे गाऱ्हाणे. सव्वादोन वर्षांनी शेवटच्या मोठ्या कंपन्याही नमल्या व विकलेल्या तबकडीमागे संघाच्या निधीत पैसे भरू लागल्या. पण मधल्या काळात कंपन्यांनी नुसत्या गायकांच्या तबकड्या काढल्या. गायक मोठे झाले, बँड मागे पडले. संप जिंकला, तरी धंदा हातचा निसटू लागला. हे मला फार बोचते.

मुंबईत निराळे घडले. १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि हॉटेलांतले रात्रीचे नाच ओसरले. दारूबंदीला माझा विरोध नाही. पण वादकाच्या पोटाचा विचार कोणी केला नाही. हे वादक सिनेमाकडे अधिकाधिक वळले. चिक त्याआधीच पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या जोडीला काम करू लागले होते. संगीतकाराने चाल सांगावी. कोणत्या वाद्याने कुठे शिरायचे, तुकडा कुठे टाकायचा, हे साहाय्यकाने कागदावर उतरवावे. 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) यांतला तो उसळता ठेका अशा हातांनी घडला. 'अलबेला' काढणारे मास्टर भगवान हे गिरणीकामगाराचे पोर, हेही मला सांगावेसे वाटते.

१९५१ च्याच 'नादान' या चित्रपटाचे संगीत चिक यांनी स्वतः दिले. एरवी गाण्याचे श्रेय संगीतकाराचे आणि गायकाचे. कागद लिहिणारा व वाजविणारा मागेच. १९६७ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते गेले.

'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. मी तो भाग आमच्या ट्रम्पेटवाल्याला दाखविला. त्याने चेहऱ्याकडे पाहिलेच नाही, पडद्यावरच्या बोटांकडे टक लावून स्वतःची तीन बोटे मांडीवर हलवीत बसला, आणि म्हणाला, "पुन्हा लावा."