उलटं लिहिणारा माणूस

“आजोबा, तो वरचो पंखो कित्याक फिरता? थय गरम होता काय?”

४ डिसेंबर २०२३ची संध्याकाळ. तारकर्लीच्या वाळूत पाय ठेवायला जागा नव्हती. नौदल दिन पहिल्यांदाच आमच्या दारात आला होता. समोर युद्धनौका, डोक्यावर विमानांचा गडगडाट, आणि सगळ्यांच्या माना आभाळाकडे. माझा सात वर्षांचा नातू मात्र दुर्बीण लावून एका नौकेच्या डोलकाठीकडे बघत होता. मला बरं वाटलं. त्या ‘पंख्या’खाली बसूनच मी पंधरा वर्षं भाकरी कमावली. ओरिसातल्या आयएनएस चिल्कावर भरती, कोचीला प्रशिक्षण आणि मग समुद्र. आमच्या शाखेचं नाव रडार प्लॉटर. जहाजावर नुसतं ‘आरपी’. आता मी न्याहारी निवास चालवतो आणि पाहुण्यांना घावने वाढतो.

नातवाला सांगितलं ते असं. विहिरीत हाक मारलीस की आवाज परत येतो ना? हा पंखा तशीच हाक मारतो, पण ती रेडिओलहरींची. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. वाटेत लोखंड भेटलं की थोडी मागे फिरते. जायला-यायला लागलेला वेळ मोजला की अंतर कळतं. दीडशे किलोमीटरवरच्या विमानाला शिवून परत यायला तिला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. पंखा ज्या दिशेला तोंड करून असतो ती दिशा. अंतर आणि दिशा मिळाली की पडद्यावर ठिपका उमटतो.

पण रडारलाही क्षितिज आहे. समोरच्या सिंधुदुर्गाचंच बघा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. तीसेक फूट उंच तटावर उभं राहिलं तर समुद्राचा पृष्ठभाग साधारण ११ किलोमीटरपर्यंत दिसतो. पुढे पृथ्वीची पाठ आडवी येते. रडारच्या लहरी किंचित वाकतात म्हणून त्याला डोळ्यापेक्षा थोडं जास्त दिसतं, एवढंच. २५ मीटर उंच डोलकाठीवरच्या रडारला समुद्राचा पृष्ठभाग वीसेक किलोमीटरपर्यंत दिसतो. म्हणून टेहळणीची जागा नेहमी उंच. महाराजांचा पहारेकरी बुरुजावर, आमचा अँटेना डोलकाठीवर.

इथेच शत्रूचं फावतं. पाण्याला जवळजवळ घासत, तीन मीटर उंचीवरून येणारं क्षेपणास्त्र त्याच रडारला २८ किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. त्याचा वेग आवाजापेक्षा थोडा कमी असेल तर हातात दीड मिनिट उरतं. आपल्या ब्राह्मोससारखं सेकंदाला किलोमीटरभर कापणारं असेल तर अर्धं मिनिट. त्यात पंखा मिनिटाला बारा फेऱ्या मारत असेल, तर एकदा दिसलेली वस्तू पुन्हा दिसायला पाच सेकंद. तेवढ्यात ती पाच किलोमीटर पुढे. अंधाऱ्या माजघरात बॅटरी गोल फिरवत विंचू शोधण्यातला प्रकार.

म्हणून नव्या युद्धनौकांचा मुख्य डोळा फिरतच नाही. डोलकाठीच्या चार बाजूंना चार सपाट पाट्या बसवलेल्या असतात. प्रत्येकीत लहर सोडणारे आणि झेलणारे असंख्य छोटे घटक. कुणी आधी, कुणी क्षणभर मागून लहर सोडायची, हे संगणक ठरवतो. त्यातून झोत हवा तिकडे वळतो, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. काही घटक निकामी झाले तरी रडार आंधळं होत नाही. २०१४ साली आपल्या ताफ्यात आलेल्या आयएनएस कोलकातावर असं रडार बसलं, इस्रायली बनावटीचं एमएफ-स्टार. पुढे विशाखापट्टणम, मुरगाव, विक्रांत, आणि १५ जानेवारी २०२५ला मुंबईत दाखल झालेल्या सुरत आणि निलगिरी या नौकांवरही तेच. विक्रांत सोडली तर या साऱ्या माझगाव डॉकच्या. माझगावच्या त्या गोदीत मालवणी ऐकू आली नाही असा दिवस नसेल.

अमेरिकेने हा चार तोंडांचा प्रकार एजिस यंत्रणेसह १९८३ साली टिकॉन्डरोगा या नौकेवर समुद्रात उतरवला. मग मित्रांनी तो घेतला. जपानने १९९३ मध्ये, स्पेनने २००२, नॉर्वेने २००६, दक्षिण कोरियाने २००८ आणि ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये. रडार एका घराण्यातलं असलं की पडद्यावरची भाषा एक होते. टोकियोचा आरपी आणि माद्रिदचा आरपी एकच धडा शिकतो, सुटे भाग उसने मिळतात, आणि एका नौकेला दिसलेलं दुसरीला सांगता येतं.

आपलं तसं नाही. आपण कुणाच्या लष्करी गटात नाही, त्यामुळे ज्याने दिलं त्याच्याकडून घेतलं. आमच्या नौदलात ब्रिटिश, डच, रशियन, इटालियन, इस्रायली अशी सगळी रडारं नांदली. डच नमुन्याची काही तर भारत इलेक्ट्रॉनिक्सने इथेच बनवली, अलीकडे स्पॅनिश रडार टाटांच्या कारखान्यात जुळतंय. पाच गावच्या पाच सुना एका चुलीपाशी. स्वयंपाक होतो, पण एकमेकींची बोली समजेपर्यंत सासूच्या नाकी नऊ येतात. त्या सगळ्यांच्या ठिपक्यांचं एकच चित्र करायचं, ही आपल्या नौदलाच्या अभियंत्यांची खरी कमाई.

मी होतो तेव्हा हे चित्र हाताने काढायचो. ऑप्सरूममध्ये मिणमिणता उजेड, मधोमध उभी पारदर्शक प्लास्टिकची मोठी काच. तिच्या एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला मी. कानात हेडफोन, हातात मेणाची पेन्सिल. पडद्यावरचा गडी बोलणार, “बेअरिंग झीरो फोर फाइव्ह, रेंज ट्वेल्व्ह,” की मी काचेवर लिहिणार. मी मागच्या बाजूला, म्हणून आकडे उलटे लिहायचे. तरच पुढच्याला सुलटे दिसणार. पहिले दोन महिने माझा तीन आणि सात कुणालाच वाचता येईना. नंतर हात असा बसला की रजेवर आल्यावर आईला मनीऑर्डरच्या पावतीवर उलटी सही करून दिली होती.

एक रात्र मात्र आठवली की अजून घाम फुटतो. गणपतीच्या सुमारास आम्ही याच किनाऱ्याने उत्तरेला चाललो होतो. समुद्र खवळलेला. लाटांवरूनही लहर परतते, त्यामुळे पडद्याच्या मध्यभागी पांढरा भात सांडल्यासारखा गोंधळ. तो कमी करायला एक नॉब असतो. मी तो जरा जास्तच फिरवला. पडदा स्वच्छ झाला, मी खूश. इतक्यात ब्रिजवरचा लुकआउट ओरडला, पुढे कंदील आहे! एक लाकडी मच्छीमार होडी. लाकडावरून लहर नीट परतत नाही. तिचा जो बारीक ठिपका होता तो मी लाटांबरोबर पुसून टाकला होता. नौका वळली, होडी वाचली. माझ्या चुलतभावाला हे सांगितलं तेव्हा तो जाळं विणता विणता एवढंच म्हणाला, “म्हंजे आमी तुमका दिसाक व्हये तर आमीच कायतरी करूक व्हया.”

त्याचं बोलणं मला २६/११ नंतर नीट कळलं. मुंबईवर हल्ला करणारे ते दहा अतिरेकी पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीतून आले आणि शेवटचं अंतर रबरी होडीतून कापून मुंबईत उतरले. रडारच्या दृष्टीने मच्छीमार बोट ही मच्छीमार बोटच. ठिपका सांगतो ‘काहीतरी आहे’. ‘कोण आहे’ हे तो सांगत नाही. त्या रात्री त्यांना पाहिलं आणि हटकलं ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीतल्या माणसांनी.

पुढे देशाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर ४६ रडार केंद्रांची साखळी उभी राहिली, दुसऱ्या टप्प्यात आणखी ३८ ठरली. त्यांचं चित्र गुरुग्रामच्या केंद्रात एकत्र येतं. २०१४च्या नोव्हेंबरात त्याचं उद्घाटन केलं ते आमच्या शेजारच्या गोव्याच्या मनोहर पर्रीकरांनी. भारताने अशीच किनारी रडारं सेशेल्स, मॉरिशस, श्रीलंका आणि मालदीवलाही उभारून दिली. २०१८पासून गुरुग्रामलाच हिंदी महासागराचं माहिती केंद्र आहे. तिथे अमेरिका, फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांचे अधिकारी येऊन बसतात. आणि ३० ऑगस्ट २०२४ला पालघरहून एक लाख मच्छीमार बोटींना इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपॉण्डर देण्याची योजना सुरू झाली. ते बसलं की होडी नुसता ठिपका राहत नाही, स्वतःचं नाव सांगते. चुलतभाऊ म्हणाला होता ते हेच.

हल्ली काचेमागे माणूस लागत नाही, संगणक लिहितो. पण काम तेच. आपल्याला दिसलं ते समोरच्याला सुलटं वाचता येईल असं लिहायचं, मग तो समोरचा आपला कप्तान असो, मालदीवचा अधिकारी असो की देवबागचा तांडेल.

यंदा पावसात खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. नातू बाहेर पडवीत उभा. मी आतून बोटाने त्याचं नाव उलटं लिहिलं. त्याने बाहेरून ते अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचलं, आणि मग आत धावत आला. ते आतून कसं दिसतं, ते त्याला बघायचं होतं.