अर्ध्यावर राहिलेली पदवी : समज आणि वस्तुस्थिती

पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्यावरून आत वळलं की थोड्याच अंतरावर राळेगणसिद्धी लागतं. पाणलोटाची कामं, दारूबंदी आणि अण्णा हजारे यांच्यामुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे. पारनेर तालुक्यात मात्र त्याची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे नापासांची शाळा. संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ १९७९ मध्ये उभं राहिलं. त्याच्या संत निळोबाराय विद्यालयाने एक उलटाच रिवाज पाडला. दुसरीकडे नापास झालेली, शाळेने नको म्हटलेली, घरच्यांनी हात टेकलेली मुलं इथे आधी घ्यायची. एरवी शाळांचा कल निकालाची टक्केवारी राखण्याकडे असतो आणि त्यासाठी कच्ची मुलं बाहेर कशी राहतील हे पाहिलं जातं. इथे कच्च्या मुलांनाच पहिला मान मिळाला. स्वतः अण्णांचं शालेय शिक्षण मुंबईत सातवीपर्यंत झालं आणि घरच्या ओढाताणीत सुटलं. अशा माणसाच्या गावात ही शाळा निघाली याचं मला नेहमीच मोल वाटतं.

ही झाली शाळेची गोष्ट. मला बोलायचं आहे ते शाळेच्या पुढच्या टप्प्याबद्दल. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेला असतो, केट्या, म्हणजे राहिलेले विषय, साठतात, एक वर्ष जातं आणि मुलगा सुप्याच्या किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागतो. मुलीचं तोवर लग्न ठरतं. गावात कुणी विचारलंच तर ‘सोडलं कॉलेज’ एवढंच उत्तर मिळतं. यातल्या बऱ्याच जणांचं कॉलेज प्रत्यक्षात सुटलेलं नसतं. ते सुटलं, असा त्यांचा फक्त समज झालेला असतो.

‘नापास झाला म्हणजे डोकंच नाही’

राळेगणच्या शाळेने हा समज कसा खोडला ते पाहा. तिने मुलांना वेगळी पुस्तकं दिली नाहीत, वेगळी परीक्षा दिली नाही. बोर्ड तेच, अभ्यासक्रम तोच. बदलला तो दिवसाचा क्रम. वसतिगृहात राहायचं, पहाटे उठायचं, व्यायाम, प्रार्थना, शाळा आणि शाळा सुटल्यावर ठरल्या वेळी, शिक्षकांच्या नजरेखाली अभ्यास. आसपास सगळीच मुलं कधी ना कधी नापास झालेली, त्यामुळे कुणी कुणाला हिणवायचा प्रश्न नव्हता. याच परीक्षेने आधी बाहेर काढलेली मुलं इथून पास होऊन गेली.

कॉलेजातल्या अपयशामागेही बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलापुढे एकदम इंग्रजीतलं अकाउंटन्सीचं पुस्तक येतं. रोजचा एसटीचा प्रवास असतो. कांदा काढणीच्या दिवसांत तास बुडतात. घरात आजारपण येतं, आणि परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात असते. यातल्या कशाचाही बुद्धीशी संबंध नाही. म्हणून परत शिकायला बसणाऱ्याने पहिला प्रश्न ‘मला जमेल का’ हा विचारू नये. ‘मागच्या वेळी नेमकं काय आडवं आलं, आणि ते आता बाजूला झालंय का’ हे विचारावं. कामाच्या पाळ्या तशाच असतील आणि नियमित कॉलेजला पुन्हा प्रवेश घेतला असेल, तर दुसऱ्यांदाही तेच होणार. तिथे मुलगा बदलण्यापेक्षा शिक्षणाचा प्रकार बदलणं शहाणपणाचं आहे.

‘केटी लागली, म्हणजे वर्ष गेलं’

केटी, वर्ष जाणं आणि प्रवेश रद्द होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते. एटीकेटीचा पूर्ण अर्थच ‘पुढचं सत्र चालू ठेवायची मुभा’ असा आहे. राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात बसता येतं. साधारण नियम असा की दुसऱ्या वर्षाला काही विषय मागे राहिले तरी चालतात, पण पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. या दुसऱ्या अटीपाशी मुलं अडकतात. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश नाकारला गेला की त्यांना वाटतं, कॉलेजने काढून टाकलं. तसं झालेलं नसतं. कायम नोंदणी क्रमांक, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात, तो जिवंत असतो. राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म भरून, वर्गात न बसताही ते विषय सोडवता येतात, आणि पास झालेल्या विषयांना पुन्हा बसावं लागत नाही. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला असेल तर जुन्या विषयाऐवजी समकक्ष विषय कोणता ते विद्यापीठ ठरवून देतं. कॉलेजच्या परीक्षा विभागात त्याची यादी मागावी.

निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागण्याचा हक्कही आहे. मुदत थोड्या दिवसांची असते. चार गुणांनी गेलेल्या मुलाने तेवढे दिवस तोंड लपवून बसण्यात घालवले, तर तो हक्क हातचा जातो.

‘एवढी गॅप पडली, आता कोण घेणार?’

आपल्याकडे या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. निघताना त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं आणि १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो त्यांनी सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. खंड, पैशाची चणचण, परत आलेला प्रबंध, हे सगळं त्या एका पदवीच्या वाटेत आहे. आपण त्यांची विद्वत्ता मुलांना सांगतो. ती परवानगी घेऊन ठेवल्याची गोष्टही सांगायला हवी, कारण परतीची वाट त्या एका कागदाने उघडी ठेवली.

आजही सगळा खेळ मुदतीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीच्या नेमून दिलेल्या काळावर दोन वर्षं जादा मिळतात, अपवादात्मक स्थितीत आणखी एक. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला पाच, फार तर सहा. याशिवाय काही विद्यापीठांनी वेळोवेळी जुन्या विद्यार्थ्यांना खास संधी दिलेली आहे, तिची चौकशी जरूर करावी.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली शिकणाऱ्यांसाठी नियम आणखी मोकळे झाले आहेत. २०२१ मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. मिळवलेले श्रेयांक तिथे विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. ठरलेले श्रेयांक पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स पदवी अशी ही रचना आहे. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी तिची चौकट आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणून २०१८ ला कॉलेज सोडलेल्याने ‘माझे क्रेडिट बँकेत असतील’ असं धरून चालू नये. त्याला जुन्या पॅटर्नचे नियम लागू होतात.

खंडाचं कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात, ते प्रवेशाच्या वेळी मागितलं जातं. त्यात लाजण्यासारखं काही नसतं. त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्या कारणासोबत लिहून द्यायचं असतं.

‘मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम’

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्यामुळे सर्वांत गरजू माणसं मागे फिरतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जुलै १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. कामगार, शेतकरी, गृहिणी, पोलीस शिपाई, ज्यांना दिवसा वर्गात बसणं शक्य नाही, त्यांच्यासाठीच ते निघालं. मान्यतेचं म्हणाल तर मान्यताप्राप्त मुक्त व दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत लिहिलेलं आहे आणि २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा जाहीरपणे सांगितलं. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा किंवा एमपीएससीची राज्यसेवा, दोन्हींना मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी असते. ती वर्गात बसून घेतली की घरी अभ्यास करून, हे तिथे कुणी विचारत नाही. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षं आहे, म्हणजे तिशीत पदवी पुरी करणाऱ्यालाही वेळ उरतो.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगायला हव्यात. इंजिनिअरिंग, वैद्यक, नर्सिंग, कायदा असे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येत नाहीत. इंजिनिअरिंगला तीन वर्षं अडकलेला मुलगा मुक्त विद्यापीठातून बी.ए. किंवा बी.कॉम. होऊ शकतो, बी.ई. नाही. आणि दुसरी गोष्ट, ‘पैसे भरा, एका वर्षात पदवी घरपोच’ असं सांगणारा कुणीही फसवा आहे. मागची तारीख टाकून दिलेली पदवी नोकरीच्या पडताळणीत पकडली जाते, आणि तेव्हा पैसे, नोकरी आणि अब्रू तिन्ही जातात. विद्यापीठाला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावं.

‘बारावीच झाली नाही, मग पदवीचं नावच नको’

बारावीला नापास झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा आहे. शाळा पूर्ण सुटलेल्यांसाठी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, म्हणजे घरी अभ्यास करून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची बारावीही आहे. महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी मनोजकुमार शर्मा मध्य प्रदेशातल्या मुरैना जिल्ह्यातले. ते बारावीला नापास झाले होते, आणि २००५ च्या तुकडीतून पोलीस सेवेत आले. त्यांच्यावरचा ‘ट्वेल्थ फेल’ हा चित्रपट २०२३ मध्ये सगळीकडे पाहिला गेला. त्यातलं भारावून जाणं ठीकच, पण त्यांनी आधी बारावी आणि मग पदवी पुरी केली, हे त्या कथेतलं साधं, कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं काम आहे.

आता परत जायचं ठरवलेल्याने कॉलेजच्या कार्यालयात जाताना काय न्यावं? सगळ्या जुन्या गुणपत्रिका, नापासाच्या धरून, आणि पीआरएन. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत. खिडकीवर तीन प्रश्न विचारावेत : माझी नोंदणी कोणत्या वर्षापर्यंत वैध आहे, माझे नेमके कोणते विषय राहिलेत आणि त्यांचे समकक्ष विषय कोणते, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती. उत्तरं तोंडी मिळाली तर वहीत तारखेसह लिहून घ्यावीत, आणि नियमाबद्दल शंका असेल तर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर त्याच दिवशी स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज करावा. मुक्त विद्यापीठात नव्याने प्रवेश घेताना ते लागू शकतं, आणि ते हाती यायला वेळ लागतो.